घरचं गाऱ्हाणं देवापुढं ठेवताना: मिरजेच्या घरी पत्र

लेस्टर, इंग्लंड
रविवार, उपासनेनंतर

चि. बाळू आणि वहिनी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम. आईला माझा सलाम सांगा, पोरांना पापा.

तुमचा लांबलचक मेसेज तीनदा वाचला. घराच्या वाटणीसाठी दादानं पाठवलेली वकिलाची नोटीस, वहिनीच्या साताऱ्याच्या भावाचं पिणं, आईचा उपासाचा हट्ट, सोनूची बारावी. आणि शेवटी बाळू, तुझा प्रश्न: "ताई, रोज रात्री प्रार्थना घेतो, पण प्रार्थना झाली की घरात ताण वाढतोच. कुठं चुकतंय?" हे फोनवर सांगायला गेलं की मध्येच कुकरची शिट्टी होते. म्हणून लिहिते.

खरं सांगू का? कॉलवर तुमची प्रार्थना ऐकताना त्यातली निम्मी वाक्यं देवाकडं जातच नाहीत, जिना चढून दादाच्या खोलीत जातात. "हे प्रभू, ज्यांची मनं पैशापायी कठीण झाली आहेत त्यांना सद्बुद्धी दे." ज्यांची म्हणजे कुणाची, हे घरातल्या मांजरालाही कळतं. डोळे मिटून मारलेला टोमणा जास्त लागतो, कारण त्याला उलट उत्तर देता येत नाही. मधे कोण बोलणार? आमेन झाल्यावर वरचं दार आपटतं ते त्यामुळं. आपल्या मंडळ्यांत हा रोग जुना आहे. सासू सुनेच्या 'नम्रतेसाठी' प्रार्थना करते, सून सासूच्या 'शांतीसाठी', आणि दोघींना नेमकं कळतं.

एवढं एक पाळून बघा. एकत्र प्रार्थनेत राग, भीती, चूक यांचं बोलणं 'मी' लावूनच करायचं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं ते त्याच्या भल्याचं काही मागायला, आणि ते असं की तो दारात उभा राहून ऐकत असता तरी त्याला बरंच वाटलं असतं. दादाचा गुडघा दुखतो, रात्रीची ड्युटी आहे, पोरीच्या फीचं ओझं आहे. मागण्यासारखं पुष्कळ आहे.

मग दादाचा राग आलाय तो गिळायचा का? नाही. तो सांगायचा, पण एकट्यानं. मत्तय ६:६ मध्ये प्रभूनं खोलीत जाऊन दार लावायला सांगितलंय ते यासाठीही कामाला येतं. स्तोत्र ५५ उघड. त्यात दावीद म्हणतो की शत्रूनं निंदा केली असती तर सोसली असती, पण हा माझ्या बरोबरीचा, माझा सोबती. सहाव्या ओवीत कबुतराचे पंख मागून पळून जायची भाषा आहे, पंधराव्यात तर सरळ शाप आहे. उपासनेत वाचताना पुष्कळ जण ती पंधरावी ओवी गाळतात. तू गाळू नकोस. देवाला ती भाषा ऐकायची सवय आहे, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला नाही. मोठ्यानं म्हण, गच्चीवर जाऊन म्हण, आणि बाविसावी ओवी येईपर्यंत थांबू नकोस. तिथं भार परमेश्वरावर टाकायला सांगितलंय. भार टाकायच्या आधी तो किती आहे हे बोलून झालेलं असतं, हे त्या स्तोत्राच्या रचनेतच आहे.

आता नोटीस. २ राजे १९ मध्ये अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र येतं. यहूदाचा राजा हिज्कीया ते वाचतो, मंदिरात जातो आणि परमेश्वरापुढं उलगडून ठेवतो. गोळाबेरीज सांगत नाही, कागदच ठेवतो. तुम्हीही तेच करा. नोटिशीची झेरॉक्स काढा. मूळ नोटीस आणि तिचं पाकीट फायलीत ठेवा, पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख पुढं लागते. झेरॉक्स चटईवर पसरा, घड्या तळव्यानं सरळ करा. हातात पेन्सिल घेऊन एकेक परिच्छेद वाचा. जे खरं आहे त्याच्यापुढं बारीक खूण करा. हिज्कीयानंही प्रार्थनेत अश्शूरी राजांनी राष्ट्रं उजाड केली हे खरं म्हणून मान्य केलंय. नोटिशीत सगळं खोटं नसतं. जिन्याखालची खोली तुम्ही कुलूप लावून वापरता, दादाला किल्ली दिली नाही, हे खरं असेल तर खूण तिथंही पडायला हवी. ज्या ओळीवर पेन्सिल अडेल तिथंच प्रार्थना सुरू होते.

शब्द सुचत नाहीत म्हणालास म्हणून नमुना देते, पाठ करायला नाही:

"प्रभू, ही दादाची नोटीस. मागची खोली आणि जिन्याखालची जागा तो मागतोय. मला राग आलाय आणि झोप लागत नाही. आईला कुठं ठेवायचं याची भीती वाटते. गेल्या महिन्यात अंगणात मी त्याला शिवी दिली, ती चूक माझी. किल्ली मी दिली नाही, तीही. गुरुवारी वकिलाकडं जायचंय, तिथं माझं तोंड सांभाळ. दादाच्या गुडघ्याला आराम दे. आमेन."

अर्धं मिनिटही लागत नाही. त्यात जागेचं नाव आहे, वार आहे, आपली चूक आहे, दादाचं भलं आहे. "आमच्या घरावर कृपादृष्टी ठेव" एवढंच म्हटलं तर उत्तर आलं की नाही हे कधी कळणार?

पण जागेची वाटणी करून दे असं प्रभूला सांगू नका. लूक १२:१३-१४ मध्ये एक जण नेमकं तेच मागतो, भावाला माझा वाटा द्यायला सांगा म्हणतो. येशूनं ते काम घेतलं नाही, मला वाटणी करणारा कुणी नेमलं असं विचारलं, आणि लगेच लोभाबद्दल बोलला. म्हणजे लोभ प्रार्थनेत आणायचा, जागेचे हिशेब कागदावर. ते कागदाचं गणित इथंच लिहिते, कारण तू आणि दादा दोघंही चुकीच्या आकड्यावर भांडताय. अण्णांनी मृत्युपत्र केलेलं नाही. ख्रिस्ती कुटुंबाला अशा वेळी १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्याप्रमाणे आईला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांत सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. आपण तिघं, म्हणजे दादा, मी आणि तू, प्रत्येकी २/९. आईचे ३/९. घर 'अर्धं अर्धं' नाहीच. सर्वांत मोठा वाटा त्या बाईचा, जिला कुणी विचारलेलंच नाही. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढून नावं बघा आणि नोटिशीला दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. 'प्रार्थना चालू आहे' म्हणून मुदत चुकवायची नाही. माझ्या वाट्याचं हक्कसोडपत्र मागायचं असेल तर ते नोंदणीकृतच लागतं, तोंडी शब्दाला तिथं किंमत नाही. आणि मी ते आईसमोर दादाशी बोलल्याशिवाय कुणाच्याच नावानं करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

दादाकडं जायचं कसं? मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडं जायचंय, आणि तिथं आठवण होते ती भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काय आहे याची. आपल्या मनात काय आहे याची नव्हे. मत्तय १८:१५-१७ मध्ये पायऱ्या आहेत: आधी दोघंच, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आपल्याकडं उलटं चालतं. पहिल्यांदा महिला मंडळाला कळतं, मग पाळकसाहेबांना, आणि भावाला सर्वांत शेवटी, तेही तिसऱ्याच्या तोंडून.

याकोबाची गोष्ट या कामाला सर्वांत उपयोगी आहे. उत्पत्ति ३२. याकोबानं ज्याला फसवलं तो भाऊ एसाव वीस वर्षांनी ४०० माणसं घेऊन येतोय. याकोब घाबरतो, प्रार्थना करतो, आणि प्रार्थना करून बसून राहत नाही. भेट पाठवतो: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, पिलांसह ३० दुभत्या उंटिणी, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढवं. पिलं सोडून ५५० जनावरं! शिवाय सगळी एकदम नाही. कळपांत अंतर ठेवून, एकामागून एक, म्हणजे भावाचा राग टप्प्याटप्प्यानं उतरावा. तुमच्याकडं ५५० जनावरं नाहीत, पण जिन्याखालच्या खोलीची किल्ली आहे. रविवारी उपासनेला जायच्या आधी ती दादाच्या हातात दे. काही बोलू नकोस, हिशेब काढू नकोस. वहिनी, तू वर भाकरी-आमटी पाठवतेस ती बंद केलीस असं कळलं. ती चालू कर. पुढचा अध्यायही वाचा. दोघे भाऊ गळ्यात पडून रडतात, आणि नंतर एक सेईरला जातो, एक सुक्कोथला. एकत्र राहायला लागत नाहीत. समेट झाला म्हणजे चूल एक झाली पाहिजे असं नाही. मधे भिंत घालूनही सख्खे राहता येतं, भिंत कुठं घालायची ते मोजून ठरलं पाहिजे एवढंच.

आता रोजच्या प्रार्थनेची वेळ. तुम्ही पाऊण तास घेता, ते फार होतं. पोरं पेंगतात, आणि लांबलं की टोमण्यांना जागा मिळते. वीस मिनिटांत बसवा. रात्री साडेआठ, जेवणाआधी. जेवल्यावर झोप येते. फोन स्वयंपाकघरात ठेवा. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातलं एक गीत, दोनच कडवी. शास्त्रपाठ दहा-बारा ओव्या, पोरांनी वाचायचा. वाचल्यावर कुणी उपदेश करायचा नाही. बाळू, हे तुला आहे. मग दोन मिनिटं गप्प, घड्याळ लावून. पहिल्या आठवड्यात ही दोन मिनिटं खायला उठतात, पंखा ऐकू येतो, कुणीतरी हसतं. तरी सोडू नका, मनातलं खरं वाक्य वर यायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर प्रत्येकानं दोन-तीन वाक्यं, धाकट्यापासून सुरुवात. मोठ्यांपासून सुरू केलं की पोरं मोठ्यांचीच भाषा उचलतात आणि दहा वर्षांची छकुली "आम्ही पापी, धूळ व राख" म्हणायला लागते. तिला वर्गातल्या मैत्रिणीचं भांडण सांगू दे. ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसतं आमेन म्हणावं. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, आणि 'जशी आम्हीही क्षमा केली आहे' या ओळीवर जरा हळू.

एक शंभर पानी वही करा. डावीकडं तारीख आणि मागणं, एका ओळीत. उजवीकडची बाजू कोरी. महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी म्हणा, मागची पानं चाळून उजवीकडं भरा: मिळालं, नाही मिळालं, वेगळंच झालं, अजून वाट बघतोय. 'नाही मिळालं' हेही लिहायचं. पौलानं २ करिंथ १२ मध्ये शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, कृपा पुरेल असं उत्तर आलं. ती नोंदच आहे. वही नसली की मन लबाडी करतं, मिळालेलं विसरतं आणि न मिळालेलं धरून बसतं. एक मात्र, दादाबद्दलचं तुझं एकट्याचं गाऱ्हाणं या वहीत नको. वही टेबलावर असते, कुणीही उघडतं.

वहिनी, आता तुझ्याशी. चारचौघांत प्रार्थना करायला लाज वाटते, 'कृपासागरा, दयाघना' अशी भाषा येत नाही म्हणतेस. ती यायची गरजच नाही. तुझ्या माहेरचीच गोष्ट बघ. रेव्ह. नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्याला आले आणि तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. ख्रिस्त मराठी माणसाला अभंगात, ओवीत, माउलीच्या नात्यानं भेटावा ही त्यांची धडपड होती. तू भाकरी थापताना जशी बोलतेस तशीच बोल. बोलताच येत नसेल तर हन्नासारखं कर. १ शमुवेल १ मध्ये तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं बाई प्यालीय. मला त्या अध्यायात सर्वांत महत्त्वाची वाटते ती अठरावी ओवी. ती उठून जाते, जेवते आणि तिचा चेहरा उतरलेला राहत नाही. तिनं मागितलेला मुलगा, शमुवेल, तेव्हा पोटातही नाही.

तुझ्या भावासाठी स्तोत्र १३ घे. सहाच ओव्या. पहिल्या दोनमध्ये चार वेळा 'कुठवर'. ते चारही 'कुठवर' तुझ्या शब्दांत म्हण: कुठवर तो पगार उडवणार, कुठवर आईनं दारात बसायचं. मग तीन-चारमध्ये मागणं, पाच-सहामध्ये भरवसा. शेवटच्या दोन ओव्या एखाद्या दिवशी तोंडातून निघाल्याच नाहीत तर तशीच ऊठ. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तेही शास्त्रातच आहे.

पण त्याला बायबलवर हात ठेवून दारू सोडायची शपथ घ्यायला लावू नका. शपथ आठ दिवसांत मोडते, मग तो लाजेनं मंडळीही सोडतो आणि आणखी पितो. त्याहून धोक्याचं दुसरं आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम, घरात कोंडून, बंद केली तर पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो. दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो. जिवावर बेततं. लोक म्हणतात सैतान अंगात आला आणि तेल लावत बसतात. ते अंगातलं नसतं, मेंदूला लागलेली दारूची सवय तुटताना होणारा त्रास असतो, आणि त्यावर दवाखान्यात औषध आहे. म्हणून सोडायची तयारी दाखवली की आधी डॉक्टर, तारीख ठरवून. त्या तारखेसाठी प्रार्थना करा. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात मराठीतून होतात, घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. तुझ्या भावजयीनं तिथं जावं, तो येवो न येवो.

आणि तू ओझरतं लिहिलंयस की तो हात उचलतो. तिथं 'सोसून घे, प्रार्थना कर' असं तिला कुणीही सांगू नये, पाळकसाहेबांनीसुद्धा. क्षमा करणं आणि त्याच खोलीत मार खात राहणं या दोन गोष्टी आहेत. १ पेत्र ३:७ मध्ये पतीनं पत्नीला मान द्यावा, नाहीतर त्याच्याच प्रार्थनेत अडथळा येतो असं लिहिलंय. हे वचन लग्नात वाचतात, नंतर कुणी वाचत नाही. तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ करून ठेवायला सांग, तातडीला ११२. एक पिशवी भरून ठेवू दे: आधार, पासबुक, पोरांचे दाखले, दोन दिवसांचे कपडे.

आईचा उपास. बारावीसाठी तीन दिवस पाणीसुद्धा घेणार नाही म्हणते ना? तिला साखरेच्या गोळ्या आहेत, आणि सकाळी इन्शुलिन. पोट रिकामं आणि औषध चालू म्हणजे साखर झपकन उतरते. हात थरथरले, थंड घाम आला, बोलणं अडखळलं की लगेच तपासा. ७० च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा. आणि ती उपासासाठी औषध बंद करते म्हणाली तर तेही नाही. तिच्या मनासारखं काहीतरी द्यायला हवं, नुसतं नाही म्हटलं तर ती चोरून करेल. सांगा की तीन दिवस मालिका बंद, त्या वेळात सोनूसाठी स्तोत्र वाचायचं. यशया ५८ वाचून दाखवा. खरा उपास कोणता ते तिथं आहे, भुकेल्याला भाकर देणं त्यात येतं. तिला ते पटेल, ती कुणालातरी जेवायला घालेल.

सोनूसाठी 'नव्वद टक्के पडू देत' असं त्याच्यासमोर मागू नका. त्याच्या डोक्यावर तो आकडा देवाच्या नावानं बसतो. याकोबाच्या पत्रात (१:५) शहाणपण मागायला सांगितलंय, तेवढं मागा आणि त्याला झोपू द्या. फारच गप्प झाला, जेवेना, 'माझा काही उपयोग नाही' असं बोलला, तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा आहे, मराठीत बोलतात.

नोटिशीसाठी 'अभिषेकाचं तेल' आणि पाकिटात भरून द्यायची रक्कम सांगणारा जो कुणी तुमच्याकडं येऊन गेला, त्याला परत बसवून घेऊ नका. याकोब ५:१४ मध्ये तेल आहे, ते आजाऱ्यासाठी, मंडळीचे वडील लावतात, फुकट. वाटणीच्या भांडणाला लावायचं तेल शास्त्रात कुठं नाही. प्रार्थनेची विनंती ग्रुपवर टाकायचीच असेल तर 'घरच्या एका गोष्टीसाठी' एवढंच. तपशील गेला की संध्याकाळपर्यंत मिरजेहून सांगलीला पोचतो.

शुक्रवारी तुमच्यात मीही बसेन. तुमचे साडेआठ म्हणजे इथं सध्या दुपारचे चार. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार झाला की तीन. गीताच्या वेळी माझा आवाज बंद ठेवा, नाहीतर मी अर्धं कडवं मागे गाते आणि पोरं हसतात. माझी पाळी आली की मीही 'मी' लावूनच बोलणार आहे. त्या २/९ बद्दल माझ्याही पोटात थोडा लोभ आहे, तो तुम्ही ऐका. शक्य झालं तर दादालाही खाली बोलवा. नाही आला तर दार उघडं ठेवा, मोठ्यानं मात्र बोलू नका.

आईचा पापा. दादालाही माझा सलाम, वर जाऊन सांग, मेसेज नको.

तुमची,
ताई

ता. क. आईच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीवरची मुदतीची तारीख बघून कळव. मुदत उलटलेल्या पट्ट्या चुकीचा आकडा दाखवतात.